काकांचा कायदा, तिकडचा कायदा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका सरकारी अहवालात मी खोटं लिहिलं, आणि ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्या आमच्या रोह्याच्या घरमालकांइतका कायदेबाज माणूस कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल.

तेव्हा मी कोर्टात बेलीफ होतो. गावोगाव समन्स बजावत हिंडायचो आणि या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, मागच्या दोन खोल्यांत राहायचो. गल्लीतलं शेवटचं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर ते. भाऊबंद केव्हाच तिकडे, इस्रायलला, गेलेले. मुलगाही गेला आणि तिकडेच वारला. काका हलले नाहीत. पंच्याहत्तरी ओलांडली तरी त्यांचा नगरपालिकेला आठवड्याला एक अर्ज जायचा, गटाराच्या झाकणापासून कुत्र्यांच्या भुंकण्याच्या वेळेपर्यंत कशावरही. पोच मिळाली नाही तर पोच न मिळाल्याचा दुसरा अर्ज. शुक्रवारी दिवे लागले की त्यांचा शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू व्हायचा, आणि तो गल्लीभर लागू असायचा. समोरच्या काकूंनी शनिवारी मिक्सर लावला की हे खिडकीत उभे. दूधवाल्यानं त्या दिवशी मोटारसायकल कुंपणाशी बंद करून ढकलत न्यायची आणि कोपऱ्यावर किक मारायची. तो एकदा वैतागून म्हणाला, "काका, मी आगरी माणूस. तुमचा शनवार माझे गाडीला कशाला?"

"गाडी तुझी हाय," काका म्हणाले. "आवाज माझ्या घरात येतोय."

दूधवाल्यानं गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. तो अजून ढकलतो.

मग एक दिवस तिकडच्या कोर्टाचं पाकीट जिल्ह्यामार्फत माझ्याच टेबलावर आलं, काकांच्या नावे. मी ते घेऊन गेलो तर त्यांनी हात मागे बांधले. मी तिथला नागरिक नाही, मतदार नाही, विमान पाहिलंय तेही पेणच्या आभाळात. त्यांनी माझ्यावर कायदा कसा चालवायचा, असं काकांचं अर्धा तास चाललं. उद्या कुठलाही देश उठेल आणि रोह्यात पोहे कसे करायचे ते सांगेल. मला मुद्दा पटत होता, तरी मी दूधवाल्याची आठवण करून दिलीच.

"त्याला समोर उभं राहून बोलता तरी येतं," काका म्हणाले. "मी यांना कुठं जाऊन बोलू? घर बंद होतं म्हणून लिही."

कागद नाकारला तर तसं लिहून तो दोन पंचांसमक्ष दाराला चिकटवायचा, हा नियम. मी लिहिलं, 'घरास कुलूप, इसम मिळून आला नाही.' इसम माझ्यासाठी चहा गाळत होता.

दुसऱ्या दिवशी पाकीट परत पाठवण्याआधी मी आतलं मराठी भाषांतर वाचलं. सुनेनं दुसरं लग्न केलं होतं आणि नवा नवरा नातीला दत्तक घेणार होता. आजोबांना काही म्हणायचंय का, नातीशी संबंध ठेवायचाय का, एवढंच कोर्ट विचारत होतं. उत्तराला मुदतही होती; ती गेली तर आजोबांना काही म्हणायचं नाही असं धरणार होते. मला ते घेऊन परत जाता आलं असतं, पण मग आदल्या दिवशीचा अहवाल खोटा ठरला असता आणि नोकरी गेली असती. मी शिक्का मारून पाकीट परत पाठवलं.

नातीचा दर शुक्रवारी येणारा फोन त्या वर्षातच थांबला. काका कुरकुरत नाहीत; याबद्दल अर्ज कुठे करायचा ते त्यांना ठाऊक नसावं. मी आता पेणला राहतो, महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जातो. गेल्या खेपेला लसूण सोलता सोलता म्हणाले, "पोरगी मोठी झाली. इसरली असंल." मी व्हय म्हणालो.

ती विसरली की नाही, मला माहीत नाही. पण "काका, तिच्याबद्दल कोर्टानं तुम्हाला विचारलं होतं, आणि तुमच्या वतीनं उत्तर मी दिलं," एवढं त्यांच्या समोर बसून सांगायचं देणं मी लागतो.