लेमानाची गाडी आणि पेलेनातोचं नाव

पेलेनातोला आमच्या गावात मेकॅनिक म्हणतात, कारण तो स्वतःला मेकॅनिक म्हणतो आणि त्याच्याशी हुज्जत घालायला कुणाला वेळ नाही. ऑकलंडला टायरच्या दुकानात होता म्हणे. तिथे त्याने टायर बदलले की नुसते ढकलले, देव जाणे. परत आला तो निळा बॉयलर सूट घालूनच, आणि नीरफणसाच्या झाडाखाली चार पत्रे टाकून त्याने दुकान थाटलं. आमच्या सवाई बेटावर खाऱ्या वाऱ्याने गाड्या कुजतात, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. खोटं कशाला बोला, हात चांगला होता त्याचा. तोंड मात्र हाताच्या दुप्पट चालायचं.

अशा माणसाच्या नशिबी लेमानाची गाडी आली.

लेमाना म्हणजे गावाचा वक्ता. मयत असो, लग्न असो, कुणाला सरदारकीची पदवी द्यायची असो, गावाच्या वतीने बोलायचा मान त्याचा. पुरुषभर उंचीची काठी हातात, चवरी खांद्यावर, आणि एकदा उभा राहिला की खाली बसायचं नाव नाही. त्याने जपानहून आलेली एक जुनी पांढरी गाडी घेतली होती, आपोआप गिअर बदलणारी. ती चर्चला जाताना सुरू व्हायची, बाजाराला जाताना सुरू व्हायची, फेरीबोटीच्या धक्क्यावर मासळी आणायला जाताना तर किल्ली दाखवली की सुरू. पण लेमाना मयताला भाषण करायला निघाला की मुकी. दिवे लागत, भोंगा वाजे, किल्ली फिरवली की काही म्हणजे काही नाही.

मग पेलेनातोला बोलावणं जायचं. तो पान्हे खुळखुळवत येईपर्यंत लेमाना खाली उतरून, काठी रोवून, दारात उभा असायचा. पेलेनातो आत बसायचा, किल्ली फिरवायचा, आणि गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू व्हायची.

"झालं," पेलेनातो म्हणायचा. "बॅटरीच्या टोकाला गंज होता."

"तू तर बॉनेट उघडलंच नाहीस," लेमाना म्हणायचा.

"आवाजावरून कळतं ते आपल्याला."

पुढच्या मयताला पुन्हा तेच. पेलेनातोने टोकं घासली, बॅटरी बदलली, स्टार्टर उतरवून पुन्हा चढवला, दुसरी किल्ली करवून घेतली. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, गाडीला भुतांची भीती वाटते. पाद्रीबुवांनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली. लेमानाचं ठाम मत होतं की त्याचा चुलतभाऊ करणी करतो आहे. कारण वक्त्याची गाडी अडली की गावाच्या ट्रकमधून तो चुलतभाऊ पुढे जायचा, आणि भाषण तोच ठोकायचा.

एकदा लेमानाचा गुडघा सुजला होता. गाडी अडली तरी तो उतरला नाही. "मी इथून हलणार नाही, तुला काय करायचं ते कर," म्हणाला. पेलेनातोने पलीकडच्या दारातून डोकं आत घातलं आणि तिथेच थांबला. काठी लांब, गाडीत सरळ मावत नाही. तिचा शेंडा मागच्या सीटवर आणि बुंधा पुढे, गिअरच्या दांड्याला रेटून ठेवलेला. दांडा आधीच ढिला. काठीच्या रेट्याने तो आपल्या जागेवरून बोटभर सरकला होता; काठी निघाली की पुन्हा जागेवर बसायचा. आणि दांडा जागेवर नसेल तर असल्या गाडीचा स्टार्टर हूं की चूं करत नाही, हे टायर ढकलणाऱ्यालाही ठाऊक असतं. चर्चला आणि बाजाराला लेमाना काठी नेत नव्हता. मयताला नेत होता. संपला विषय.

एक वाक्य बोलायचं होतं. काठी जरा बाजूला घ्या, एवढंच.

पण बोलणार कोण? आमच्याकडे वक्त्याच्या काठीला घरच्यांखेरीज दुसरं कुणी हात लावत नाही. आणि ज्या काठीच्या जोरावर सगळा जिल्हा गप्प बसतो ती गाडीची खोड आहे, असं लेमानाला तोंडावर सांगायचं म्हणजे गावजेवणाला डुकरं दंड म्हणून भरायची तयारी हवी. ऑकलंडहून आलेला आमचा वाघ म्हणाला, "आपण जरा उतरलात तर गाडीवरचा भार कमी होईल." लेमाना कण्हत, काठी टेकत उतरला. गाडी सुरू झाली. "भाराचाच दोष होता," पेलेनातोने जाहीर केलं, आणि वर म्हणाला, "स्प्रिंगा बघायला हव्यात."

संध्याकाळी तो मागच्या बाजूने लेमानाच्या बायकोकडे, लोसाकडे गेला. नवऱ्याला जे गाव सांगू शकत नाही ते बायको सांगते, असा त्याचा हिशेब. लोसा तारोचे कंद सोलत बसली होती.

"काकू, गाडीचा रोग सापडला. साहेबांची काठी दांड्याला रेटते. ती दुसऱ्या अंगाला ठेवा म्हणावं."

लोसाने हातातली सुरी थांबवली नाही. "ती तशी मीच ठेवते."

पेलेनातो बघतच राहिला.

"काय बघतोस? मयताला जो बोलतो त्याच्या घरची विणलेली चटई आधी उलगडते, आणि आहेर म्हणून तिथेच राहते. गेल्या दोन वर्षांत किती चटया गेल्या माझ्या, माहीत आहे? हा माणूस बोलायला लागला की त्याला भान राहत नाही. द्यायची ठरते एक, आणि टाळ्या पडल्या की हा देतो तीन. बदल्यात काय येतं? माशांचे डबे. खा." तिने सोललेला तारो पातेल्यात आपटला. "आता एकच बरी राहिली आहे. माझ्या आईच्या हातची. तिचे डोळे गेले ती विणता विणता. नाताळात आमच्या पोरीचं, सेपिलाचं लग्न आहे, तिला ती अंगावर पांघरून मी पाठवणार आहे. आणि तिकडे उपोलू बेटावर म्हातारे सरदार अंथरुणाला खिळलेत. ते गेले की आमचे हे त्याच चटईवर हात टाकणार, मला ठाऊक आहे. त्या दिवशी ही गाडी सुरू होता कामा नये. चुलतभाऊ जाईल, त्याची चटई जाईल. समजलं?"

"समजलं."

"मग काठीबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"नाही काढणार, काकू. शपथ."

तिने त्याला नारळाच्या दुधातला तारो वाढला, आणि त्याने तो दोनदा मागून खाल्ला.

आता इथेच गप्प बसला असता तर पेलेनातोबद्दल लिहायला काही उरलं नसतं. पण पुढच्या सोमवारी गावसभेत लेमाना उभा राहिला. विषय होता पाण्याच्या टाकीचा. वक्ता वळला गाडीकडे. "आमच्या गावात एक वैद्य आहे," तो म्हणाला, "रोगी दारात असतो तोवर याला रोग सापडत नाही, आणि रोगी बरा झाला की हा रोगाचं नाव सांगतो. धक्क्यापाशी एक नवा पोरगा आलाय, उद्यापासून माझी गाडी त्याच्याकडे." सगळी सभा हसली. कडेला बसलेले पोरसवदा लोकही हसले, तेही पेलेनातोकडे बघून.

त्याला जेवण गेलं नाही त्या दिवशी. आणि अपमान झालेल्या माणसाची अक्कल कशी जोरात धावते पाहा. काठीबद्दल बोलायचं नाही अशी शपथ होती. बरोबर. पण काठीबद्दल न बोलता गाडी नीट करायची नाही, असं कुठे ठरलं होतं? त्याच दिवशी सूर्य डोक्यावर असतानाच, शेवटची एक संधी द्या म्हणत, तो लेमानाच्या गाडीखाली शिरला. दांडा जागेवर आहे की नाही हे स्टार्टरला सांगणाऱ्या दोन तारा त्याने कापल्या आणि एकमेकींना बांधून टाकल्या. आता दांडा कुठेही असो, किल्ली फिरली की इंजिन फिरणार. कुठलाही शहाणा मेकॅनिक हे करत नाही, कारण एखाद्या दिवशी गाडी उडी मारून घरात शिरते. पेलेनातो शहाणा नव्हता, तो चिडलेला होता.

"किल्ली फिरवताना ब्रेकवर पाय घट्ट ठेवायचा," त्याने लेमानाला बजावलं. "नवी पद्धत आहे."

लेमानाला ते फार आवडलं. पुढे कित्येक दिवस तो गाडीत बसून पाय असा दाबायचा, की जणू सभेला सुरुवात करतो आहे.

सरदार गेल्याची बातमी आली त्या सकाळी अर्धं गाव रस्त्यावर होतं. चुलतभाऊ आपली चटई काखोटीला मारून ट्रकमध्ये बसून तयार. लेमानाने लोसाच्या आईची चटई अंथरुणाखालून स्वतः ओढून काढली. लोसाने ती घडी करून मागच्या सीटवर ठेवली. मग काठी घेतली, बुंधा दांड्याला लावला, हाताने दोनदा रेटून पाहिला, आणि पदर सावरल्यासारखी लुंगी सावरत निवांत बाजूला उभी राहिली. तिचा चेहरा अगदी शांत होता. झाडाखाली पेलेनातो आधीच स्वच्छ असलेले हात पुसत होता.

लेमानाने पाय दाबला. किल्ली फिरवली. गाडीने एक गचका खाल्ला आणि सुरू झाली.

रस्त्यावर टाळ्या पडल्या. "बघितलंत?" लेमाना काचेतून ओरडला. "आमचा पेलेनातो. वैद्य बोलवायला धक्क्यावर जावं लागत नाही आम्हाला." चुलतभाऊ ट्रकमधून उतरला. पेलेनातोने दोन्ही हात वर करून नमस्कार घेतले, उगाच, निवडून आल्यासारखे. लोसाकडे बघायचं त्याने टाळलं, हे मी स्वतः पाहिलं.

लेमाना तिसऱ्या दिवशी परतला तो हवेतच. आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण झालं होतं. चटई उलगडली तेव्हा बायका उठून ओरडल्या होत्या, असली वीण डोळ्यांनी पाहिली नाही म्हणाल्या होत्या. मागची सीट माशांच्या डब्यांनी भरली होती. त्याने भर सभेत पेलेनातोला पुढे बोलावून त्याचं नाव घेतलं, आणि त्या रात्रीपासून लांबलांबच्या गावांतून लोक आपल्या गाड्या घेऊन नीरफणसाखाली यायला लागले. हेच तर हवं होतं त्याला.

तरी काहीतरी टोचत असावं. एका दुपारी तो लोसाकडे गेला, आपणहून. तिने त्याला कोको दिला. चेहरा नेहमीसारखाच.

"काकू, गाडी कशी चालते आहे?"

"छान चालते," लोसा म्हणाली. "पोरीच्या लग्नालाही तीच काढणार आहोत. मागची सीट रिकामीच आहे. आता तिच्या अंगावर काय घालून पाठवू, तेवढं मला आवाजावरून सांग."