भिंतीपलीकडची गांजाची गाणी

इंग्लंडात रीडिंग या गावी आम्ही भाड्याने राहायचो ते घर म्हणजे एका लांबलचक रांगेतला चिंचोळा तुकडा होता. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. आई गेल्यावर बाबांना सहा महिन्यांसाठी मी तिथे आणलं, आणि तेही ऐन ऑक्टोबरात. मी आणि बायको सकाळी अंधारात कामावर निघायचो, अंधारातच परत यायचो. मधला सगळा दिवस बाबा, हीटर आणि दुहेरी काचांची खिडकी. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "इथे माणसं राहतात ना रे?"

मी तरी कुठे मोकळा होतो? वर्क परमिट एकाच कंपनीच्या नावाने. नोकरी सोडली की देश सोडायचा. चार वर्षं भरली की कायमचं राहायला अर्ज करता यायचा आणि माझे सात महिने उरले होते. ते मी जीव मुठीत धरून काढत होतो. रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला थांबायचो. बायको हसायची, पण तीही थांबायची.

शेजारच्या बाई सत्तरीच्या. तरुणपणी वेस्ट इंडीजमधल्या बार्बेडोसहून आलेल्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. नवरा वारला होता आणि त्याने जमवलेल्या जुन्या रेकॉर्डींनी पुढची खोली भरलेली होती. कचऱ्याचा डबा बाबांनी चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला, त्या सांगायला आल्या, आणि ओळख झाली. बाबांचं इंग्रजी तालुक्याच्या पोस्टातलं. प्रत्येक वाक्य 'काइंडली'ने सुरू व्हायचं. त्या बाईंना ते फार आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीन वाजता बाबा तिकडे चहाला जायला लागले.

चाळीस वर्षं बाबांनी गावच्या महादेवाच्या देवळात भजनाला तबला धरला होता. तिकडे ते एकोणीसशे तीसच्या सुमाराचं अमेरिकेतलं जॅझ आणि ब्लूज ऐकायचे आणि संध्याकाळी मला हिशेब द्यावा तसं सांगायचे. "अरे, हा तर आपला केरवाच. फक्त जरा लंगडत चालतो." कुणीतरी धुणं घासायच्या खरबरीत फळीवर ठेका धरतो, याचं त्यांना भारी कौतुक. शनिवारी मी घरी असलो की भिंतीतून पियानो ऐकू यायचा, मग बिस्किटांच्या डब्यावर बाबांची बोटं, मग दोघांचं हसणं. आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

एके दिवशी ते एका रेकॉर्डचं कव्हर घेऊन आले. मागे बारीक अक्षरात बरंच छापलेलं होतं. "जरा वाचून सांग. ही माणसं एवढी कशावर खूश आहेत?"

मी वाचलं. सगळी गाणी गांजावरची होती. नोकरी गेलेला, बायकोने टाकलेला, घरमालकाने हाकललेला, जो तो दोन झुरके मारून राजा झालेला. पुढे कायदा कडक झाला आणि अशी गाणी कमी झाली, असंही त्यात होतं. मी सांगितलं तसे बाबा खदखदून हसले. मी मात्र कव्हर पालथं टाकलं.

"बाबा, उद्यापासून तिकडे जायचं नाही."

"का?"

"त्या घरात काय चालतं आपल्याला काय माहीत? पोलीस आले आणि तुम्ही तिथे सापडलात, तर माझा अर्ज गेलाच."

"चहा चालतो. आल्याचा केक चालतो, तोही माझ्यासाठी बिनअंड्याचा. गांजा गाण्यात आहे रे, घरात नाही. आपल्या देवळामागे चिलीम फिरायची आणि पुढे आम्ही शंकराच्या गांजाची पदं टाळ्या वाजवून म्हणायचो. मला कधी ओढताना पाहिलंस?"

"तुम्हाला इथलं काही कळत नाही."

ज्या माणसाने मला अक्षर ओळखायला शिकवलं त्याला मी हे म्हणालो. त्या घरातून कधी कसला वास आला नव्हता. पोलिसांची गाडी आमच्या गल्लीत मी कधी पाहिली नव्हती. आणि त्या बाई गोऱ्या असत्या तर त्याच रेकॉर्डींना मी छंद म्हटलं असतं, हेही मला तेव्हाच कळत होतं. बाबा "बरं" म्हणाले. त्यांनी अर्धा तास स्वतःशीच एक इंग्रजी वाक्य घोटलं आणि कव्हर परत देऊन आले. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

शनिवारी बेल वाजली. दारात बाई, हातात झाकलेली ताटली. "तुझे वडील चार दिवस आले नाहीत. माझं काही चुकलं का?"

"छे, छे. त्यांना बरं नाही. छातीत कफ झालाय." माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"मी बघू का? चाळीस वर्षं छात्याच तपासल्यात."

"डॉक्टरांनी पाहिलंय. बाहेर पडू नका म्हणालेत."

मी ताटली घेतली आणि दार लावून वळलो तर बाबा जिन्यात उभे. पोस्टातलं का होईना, इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांनी ताटली माझ्या हातातून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं मागच्या अंगणातलं फिरणंही बंद झालं. मी म्हटलं, "निदान तिथे तरी जा." तर म्हणाले, "त्यांच्या खिडकीतून दिसतं. कफ झालेला माणूस थंडीत फिरेल का? नर्स आहेत त्या. तुझं खोटं लगेच उघडं पडेल."

जाऊन खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण सांगणार काय? तुमची गाणी ऐकून मी तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, हे? मी रोज उद्यावर ढकलत गेलो. बाई दर आठवड्याला दारात सूप ठेवून जायच्या. आजारी माणसाला ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर आमच्या भिंतीला लावला होता. तीन वाजले की गाणी सुरू व्हायची. बाबा भिंतीशी पांघरूण घेऊन बसायचे आणि बोटांनी त्या पांघरुणावर ठेका धरायचे. टेबलावर धरला तर पलीकडे ऐकू जाईल म्हणून. दोन महिने ते असे बसले. मला लाज वाटायची, आणि लाजेपायी मी ऑफिसात उशिरापर्यंत थांबायचो. अर्जाचं पुढे झालं सगळं. कुणी मला शेजाऱ्यांबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

एप्रिलमध्ये बाबा परत निघाले. टॅक्सी आली तशा बाई चपला घालून धावतच बाहेर आल्या. बाबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "जपा हो स्वतःला." बाबांनी मान हलवली. मग माझ्या आईच्या आजारपणातही ज्यांनी कधी कुणाचा आधार घेतला नाही, त्या माझ्या बाबांनी माझा दंड घट्ट धरला, पाठीत वाकले, आणि दारापासून टॅक्सीपर्यंतची आठ पावलं थांबत थांबत चालले.

टॅक्सी कोपऱ्यावरून वळली तेव्हा ते ताठ बसले. माझ्या दंडावरचा हात काढून घेतला आणि विमानतळ येईपर्यंत बाहेर बघत राहिले.