सात कपड्यांचा उन्हाळा

लोणावळ्यात पावसाळा सरला की घरोघरी एकच कार्यक्रम. कपाट उघडायचं, कपडे हुंगायचे आणि कपाळाला हात लावायचा. गेल्या वर्षी माझ्या अकरा ड्रेसांवर बुरशीचे ठिपके निघाले, तेव्हा मी वैतागून जाहीर केलं की बास झालं! येत्या उन्हाळ्याला फक्त सात कपडे ठेवणार. सगळे सुती, सगळे एकमेकांवर चालणारे आणि एकही नवा विकत घ्यायचा नाही. पुण्यात शिकणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात." माझ्या वैतागाला असं झकास नावसुद्धा आहे म्हटल्यावर मी भलतीच खूश झाले.

होळीपर्यंत पाच कपडे जमले. दोन कमी पडत होते, तेव्हा आईची ट्रंक आठवली. आई पवनानगरजवळच्या आमच्या गावात एकटी राहते, नऊवारी नेसते. लग्नाकार्यात मिळालेली लुगडी तिच्याकडे तशीच पडून असतात. मी फोन करून विचारलं, तर म्हणाली, "ने की, कंचं बी ने. मी आपली दोन लुगड्यांव दिस काढती."

मी गेले तेव्हा ती शेतावर होती. ट्रंकेतली वरची सगळी लुगडी पॉलिस्टरची, उन्हाळ्यात जीव नकोसा करणारी. तळाशी मात्र धोतराच्या धुतलेल्या तुकड्यात गाठ मारून ठेवलेलं काहीतरी होतं. सोडलं, तर आत जांभळं सुती लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं. मामानं जाण्याआधी शेवटच्या भाऊबीजेला आईला दिलेलं ते हेच, हे मी ओळखलंही. तरी उचललं. ट्रंकेत कुजण्यापेक्षा माझ्या अंगावर राहील, मामाची आठवणही होईल, असं वाटलं. गाठ का मारली असेल, हा प्रश्न काही मला पडला नाही. इतकी मी शहाणी!

बाजारातल्या शिंप्यानं त्यातून दोन पायघोळ, घेरदार कुर्ते बेतले. पदराचा तुकडा उरला, त्याची भाजीची पिशवी शिवायची ठरवली. म्हणजे चिंधीसुद्धा वाया नाही. पुढच्या रविवारी त्यातला एक कुर्ता घालून मी मिरवत आईकडे गेले.

आई ओट्यावर वाल निवडत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात सुपातच थांबला.

"गाठोडं सोडलंस व्हय गं?"

"तूच म्हणालीस ना, कुठलंही ने."

"म्हनले खरी," ती म्हणाली. "पर ते न्हाई गं. ते माझ्या अंगाव टाकायचं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग तिनंच सांगितलं. बाई गेली की माहेरचं लुगडं येतं, ते अंगावर घालून तिला नेतात. "माझ्या माहेरात आता कोन ऱ्हायलंय आनाया? भाऊ गेला, वैनी गेली. म्हनून जपलं व्हतं."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगावरचा कुर्ता नकोसा झाला, पण काढून तरी काय होणार होतं? मी म्हणाले, "आई, मी अगदी असंच दुसरं आणते."

"तू लेक हाईस माझी. माहेर कुटनं आनशील?"

मी तिथूनच शिंप्याला फोन लावला. कुर्ते उसवून परत जोडता येतील का, म्हणून विचारलं. त्याला वाटलं, माप चुकलं. खरं कारण सांगितल्यावर तो हळहळला. मग म्हणाला, "ताई, शिवण उसवीन हो, पण गळे कापलेत, बाह्या कापल्यात. त्याचं लुगडं कसं करू?" मला रडू आवरेना. आईनं सगळं ऐकलं होतं. "त्या बिचाऱ्याला कशाला तरास," म्हणाली आणि पुन्हा वाल निवडायला लागली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काय उरलंय का त्यातलं?"

पदराचा तुकडा माझ्या पर्समध्येच होता. पिशवी केवढी हवी ते तिलाच विचारायचं म्हणून आणला होता. मी तो पुढे केला, पिशवीचं काही बोलले नाही. तिनं तो मांडीवर पसरला, तळव्यानं सारखा केला आणि वितीनं मोजला.

"लय झालं," ती म्हणाली. "तोंडाव टाकाया पुरंल."

मग तिनं मला ट्रंकेतला तो धोतराचा तुकडा आणायला लावला. पदराची घडी घालून त्यात ठेवली आणि सगळं माझ्यापुढे सरकवलं.

"गाठ तूच मार. म्हंजी तवा तुला घावंल."

मी गाठ मारली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिनं गाठीवर बोट धरलं, तेव्हा बसली.