ग्राउंडचा सडा

"आधी सडा मार. मग बूट घाल."

वहिनीसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा फायनल सुरू व्हायला थोडाच वेळ होता. माझ्या अंगात साखर कारखान्याची जर्सी. पाठीवर छापलेलं, विना सहकार नाही उद्धार. हातात बकेट, समोर पाण्याचा टँकर. धूळ उडू नये म्हणून मॅचच्या आधी ग्राउंडवर पाणी शिंपायचं. ते काम आम्हा वस्तीवरच्या पोरींचं. कारखान्यातल्या साहेबांच्या पोरी तोवर मांडवात बसून केस बांधायच्या.

वहिनीसाहेब म्हणजे चेअरमनसाहेबांच्या सूनबाई आणि आमच्या टीमच्या मॅनेजर. कधी आवाज चढवायच्या नाहीत. जर्सी वाटल्या त्या दिवशी आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही आतून आपापला शर्ट घालत जा गं. या जर्सी पुढं दुसऱ्या मुली घालणार आहेत. घाम लागायला नको."

म्हणून भर उन्हात मी आत शाळेचा शर्ट घालून पळायची. दोन कपड्यांत जीव उकडून निघायचा. साहेबांच्या पोरींना हा नियम नव्हता. त्यांना काय घाम येत नव्हता? पण विटाळ आमच्याच घामाचा. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी आतला शर्ट रोज घालत होते, कारण मला खेळायचं होतं.

आमची वस्ती सिरसाळ्याच्या अंगाला. सगळी ऊसतोडीची घरं. दसरा झाला की वस्तीला कुलपं लागतात. मुलींची फुटबॉल लीग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि होळीपर्यंत चालायची. म्हणजे ती लीग इथं आणि आम्ही परमुलखात, उसाच्या फडात. त्या साली फुटबॉल संघटनेनं ठरवलं की पुढच्या वर्षीपासून लीग जूनमध्ये सुरू करायची. मग मधल्या रिकाम्या दिवसांत, पोळ्यानंतर आणि दसऱ्याच्या आत, एक आखूड सीझन घेतला. मोजक्याच मॅचेस. मोठ्या टीमा त्याला 'टाइमपास' म्हणायच्या. माझ्यासाठी मात्र तो पहिलाच सीझन होता, जेव्हा लीग आणि मी एकाच वेळी गावात होतो.

त्या सीझनवर माझं सगळं टांगलेलं होतं. जी चांगली खेळेल तिला कारखाना बीडला होस्टेलवर ठेवणार, कॉलेजात घालणार, असं वहिनीसाहेबांनी कबूल केलं होतं. आणि इकडं घरात माझं लग्न ठरत आलं होतं. आमच्यात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी पोरगी म्हणजे अर्धा कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाला अर्धे कोयते परवडत नाहीत, म्हणून बारावी झाल्या झाल्या माझं जुळवायला निघाले होते. बाप म्हणाला होता, "होस्टेल मिळालं तर राहा. न्हाई तर दसऱ्याच्या आत उरकून टाकू."

सेमीफायनलला गोल मीच मारले होते. होस्टेल जवळजवळ हातात होतं.

पाऊस त्या साली आलाच नव्हता. वस्तीला टँकरचं पाणी, तेही पाळीनं. मी बकेट भरून वळले तर तारेच्या कुंपणापलीकडं आमच्या वस्तीच्या बाया उभ्या. कडेवर रिकाम्या घागरी. पुढं माझी माय.

टँकर वस्तीवर न थांबता पुढं निघाला म्हणून त्या बाया त्याच्या मागं उन्हात चालत आल्या होत्या.

"आज आमची पाळी हाय न्हवं?" मायनं ड्रायव्हरला विचारलं.

"मला काय इचारता? साहेबांनी हितंच खाली कराय सांगितलंय."

वहिनीसाहेब मांडवातूनच म्हणाल्या, "मॅच झाल्यावर बघू. आणि त्या बायांना जरा मागं सरकवा. फोटोत येतील."

मग माय माझ्याशी बोलली. हळूच बोलली, मांडवातल्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "बाई, प्यायाला थेंब न्हाई घरात. कावून मातीत वततीस?"

माझ्या हातात भरली बकेट. आतापर्यंत किती बकेटी मी त्या मातीत ओतल्या होत्या, आणि ते पाणी कुणाचं होतं हे मला आत्ता कळत होतं. मी बकेट तशीच धरून थांबले.

चेअरमनसाहेब खुर्चीत पाय पसरून बसले होते. म्हणाले, "काय गं, अर्धा कोयता थांबला का? मार की सडा."

मांडव हसला. आमच्या टीमच्या पोरी हसल्या. वाकून बुटाची नाडी बांधता बांधता आम्हाला खेळ शिकवणारे सरसुद्धा हसले.

मी कुंपणाकडं गेले. तारेतून बकेट जात नव्हती, म्हणून मायला घागर वर धरायला लावली आणि तारेवरून पाणी ओतलं. थोडं सांडलं. बाकी घागरीत गेलं.



वहिनीसाहेब चालत आल्या. त्यांचा आवाज आताही चढला नाही. "कारखान्याची जर्सी आहे ती. काढ. इथंच."

एवढ्या लोकांपुढं. त्यांना वाटलं मी रडेन, पाया पडेन. मी जर्सी काढली. आत शाळेचा शर्ट होता, बगलेत उसवलेला, घामानं चिंब. त्यांनीच घालायला लावलेला. जर्सी मी त्यांच्या हातात दिली नाही. टँकरच्या तोटीला अडकवली. बूट काढले आणि अनवाणी बाहेर आले.

राहिलेला सगळा टँकर त्या दिवशी ग्राउंडवर रिकामा झाला. वस्तीला मिळाली ती एक घागर. कारखान्याची टीम जिंकली. माझी जर्सी घालून चेअरमनसाहेबांची पुतणी फोटोत उभी राहिली. होस्टेलही तिलाच, जिचं घर बीडलाच आहे.

घरी आल्यावर बापानं हात उगारला. मी म्हणाले, "तोडीला येते. अर्धा कोयता म्हणून येते. पण लगीन न्हाई." त्यानं दोन दिल्या. मी तेच परत म्हणाले. मुकादमानं तोंड वाकडं केलं, पण घेतलं. मी गेले.

त्या फडात आईबापामागं आलेल्या माझ्यासारख्या पोरी पुष्कळ होत्या, सगळ्या अर्धे कोयते. संध्याकाळी अंग मोडून यायचं, तरी आम्ही उसाच्या पाचटाचा चेंडू सुतळीनं आवळून तोडलेल्या रानात खेळायचो. ऊस तोडल्यावर जमिनीत धारदार बुडखे राहतात. पाय फाटायचे. फाटले तरी थांबलो नाही.

आता लीग जूनमध्ये सुरू होणार आहे. जूनमध्ये आम्ही सगळ्याजणी गावात असतो. तारखा बदलताना ही गोष्ट संघटनेतल्या एकाच्याही ध्यानात आली नाही. फडात खेळणाऱ्या आम्हा पोरींच्या टीमचं नाव मी स्वतः जाऊन देऊन आले. टीमचं नाव 'अर्धा कोयता'. पहिली मॅच कारखान्याशी मागितली, त्यांच्याच ग्राउंडवर.

वहिनीसाहेबांना निरोप धाडलाय. सडा मारायचा नाही. टँकर वस्तीवर थांबेल, तो कसा पुढं जातो ते आम्ही रस्त्यात बसून बघू. ग्राउंड कोरडं राहू द्या. धूळ उडू द्या. आम्ही धुळीतच खेळायला शिकलोय. तुम्ही नाही.