ताटावरचा लाल ठिपका

"आवं सिस्टर, रेश्मा गेली की म्हसवडला. पयलं बाळातपण म्हायेरीच असतंय न्हवं?" तिच्या सासूबाई, आक्का, म्हणाल्या.

नववा महिना भरत आलेला, आणि तिचं तपासणीचं कार्ड मला देवघरातल्या फोटोमागं खोचलेलं दिसत होतं.

मी आष्ट्याजवळच्या उपकेंद्रात नर्स होते. रेश्माच्या रक्तात हिपॅटायटीस बी सापडला होता. ही काविळीचीच एक जात, पण डोळे पिवळे न होताही वर्षानुवर्षं अंगात राहते. बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन, अशी दोन्ही द्यायची. लस सगळ्याच बाळांना मिळते. दुसरं इंजेक्शन आई पॉझिटिव्ह आहे हे ठाऊक असेल तरच मागवतात.

"कार्ड का दिलं नाही बरोबर?"

"तिकडं बोभाटा कशाला? रोग तिनंच आणलाय. मी तर ताटबी वेगळं केलंय तिचं."

फळीवर ताट होतं. काठाला नेलपेंटचा लाल ठिपका. माझं डोकंच फिरलं.

"आक्का, ताटातनं हा पसरत नाही. रक्तातनं पसरतो, नवरा-बायकोच्या संबंधातनं पसरतो."

मी तिथूनच म्हसवडला फोन लावला. रेश्माची आई म्हणाली, "कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात हाय." तिथल्या डॉक्टरांना गाठलं.

"सिस्टर, आत्ता सांगताय?" ते वैतागले. "इंजेक्शन साताऱ्याहून मागवावं लागेल."

"मागवा सर. लगेच."

डॉक्टरांच्या फोनची वाट बघत मी सोप्यात बसले. समोर अंगणात आबा, फौजेतनं रिटायर झालेले सासरे, दाढी करत होते. झाल्यावर रेझर धुतला आणि लेकाच्या, म्हणजे रेश्माच्या नवऱ्याच्या, हातात दिला.

"आबा, हे रोजचंच?"

"व्हय. एक ब्लेड चार दिस जातंय."

दुपारी मुलगी झाली. लस लगेच दिली, दिवस मावळायच्या आत दुसरं इंजेक्शनही. तेव्हा कुठं मला चहा गोड लागला.

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आबा आणि लेक, दोघंही पॉझिटिव्ह. कुणाकडून कुणाला गेला, हे छातीठोक सांगता येत नाही. एवढंच मी सांगितलं. आक्का निगेटिव्ह, त्यांना लस सुरू केली.

आक्का हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आता तिघांच्याबी ताटाला ठिपका लावायचा व्हय?"

आबा उठले. फळीवरचं ताट काढलं आणि ब्लेडनं ठिपका खरवडत बसले.

पुढं वर्षभरानं नातीचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. त्यानंतर मी कार्ड फक्त बाईच्याच हातात देत आले. आणि कुठल्याही घरी गेले की आधी विचारायचे, रेझर किती आहेत.