राबावर बसलेल्या मेंढ्या

माझं माहेर चालतं होतं. फलटणकडच्या माळावर आमचं घर होतं, पण दिवाळी झाली की बा आणि आय मेंढरं, घोडी, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला वर यायचे. अशा बिऱ्हाडाला आमच्यात वाडा म्हणतात. त्या वाड्यामागं चालता चालता माझी शाळा तिसरीतच सुटली. पुढं लग्न होऊन मी लोणावळ्याला आले. आमचे हे एका बंगल्यावर माळीकाम करायचे. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही दोघं, आणि ओळखीचं माणूस म्हणून आजूबाजूला कुणी नाही.

बाकीच्या मुली माहेरी जातात. माझं माहेर मात्र वर्षातून दोनदा माझ्याजवळ यायचं, कारण बाची वाट कुरवंड्याच्या घाटानं होती. मुक्कामाला मी जाऊन राहायची, आयच्या हातची भाकरी खायची, मेंढरांच्या वासात झोपायची. देवानं आपल्याला कमी दिलं नाही, असं तेव्हा वाटायचं. पण माझा जीवच घाबरा. वाडा दिसेपर्यंत मनात एकच, की बानं वाट बदलली तर?

साठ सालाच्या आसपासची गोष्ट असेल. वैशाख संपत आला होता. कुरवंड्याची एक बाई बंगल्यावर करवंदं विकायला यायची. तिनं सांगितलं की माझ्या बानं तिथल्या एका आबांच्या राबावर मेंढरं बसवली आहेत, आणि गाव गोळा झालंय. मी तशीच निघाले.

राब म्हणजे काय, ते मला मावळात आल्यावर कळलं होतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पाला यांचे थर देऊन ते भाजतात. त्या राखेच्या भुईत पावसाआधी बी पेरतात. वर्षाचा भात त्या काळ्या तुकड्यातनं उगवतो. त्यावर पोरालाही पाय ठेवू देत नाहीत.

बाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्याकडं राब नसतो. इतकी वर्षं घाटमाथ्यावरचे ते काळे तुकडे त्याला वणव्यानं जळालेले वाटत आले होते. त्या वर्षी नेहमीच्या मुक्कामाचं पाणी आटलं म्हणून तो खाली सरकला. त्याला मऊ, मोकळी, राखेची जागा दिसली. राखेत गोचीड मरतात, मेंढरू सुखानं बसतं. बाला वाटलं, जागा फार चांगली मिळाली. सकाळी पाहावं तर राख खुरांखाली भुईत गेलेली आणि वर लेंड्यांचा सडा.

मी पोचले तेव्हा बांधावर आबा काठी टेकून उभे होते, आणि बा खाली मान घालून.

"आमच्याकडं लेंडीखतासाठी लोक बोलावणं धाडत्यात, आबा," बा म्हणाला.

"आमी कुटं धाडलतं?"

आबांनी सांगून टाकलं, की पुढच्या सालापासून तुमचा वाडा कुरवंड्यात दिसता कामा नये. जायचंच तर खंडाळ्याच्या सडकेनं जा. सडकेवर मालमोटारी. तिथनं मेंढरं न्यायची म्हणजे पहाटे न थांबता काढायची. म्हणजे मुक्काम नाही, म्हणजे माझं माहेर नाही. मी आबांच्या पाया पडायला वाकले तर ते मागं सरले. म्हणाले, "पोरी, तुजा काय दोष? पन भात काय मी सडकेवर पेरू?"

तेवढ्यात पश्चिमेकडनं आभाळ भरून यायला लागलं. बाचा चेहरा उतरला. मेंढरं अजून कातरायची होती. लोकर भिजली की ओझं होतं, मेंढरू गारठतं, वाटेतच बसकण मारतं. बानं हात जोडले. आधी कातरू द्या, मग काय दंड लावायचा तो लावा, असं म्हणाला. आबा काठी बाजूला ठेवून बांधावर बसले.

बांधापलीकडच्या पडीक जागेत कातरण सुरू झाली. मेंढीचे पाय बांधून बा पोटाकडनं कातर चालवायचा. वरनं लोकर उन्हानं करपलेली, तांबूस, काट्याकुट्यांची. कातर आत शिरली की खालनं काळीभोर, तेलकट, ऊन ऊन लोकर उघडायची. अख्खी लोकर एका चादरीसारखी उतरायची आणि आतनं उघडं, बारीक जनावर लाजल्यासारखं उठून पळायचं. आय बाजूला ढीग लावत होती. मानेची, पाठीची लोकर वेगळी, पायांची मळकी वेगळी, आणि कोकरांची पहिली कातरण, जावळ, आपल्या पदरात. जावळाच्या घोंगडीत तान्हं मूल ठेवलं तरी टोचत नाही.

हळूहळू गाव जवळ आलं. इथली माणसं चार महिने घोंगडीची खोळ घेऊन चिखलात उभी असतात, पण ती अंगावर कुठनं येते हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आबांची बायको, तिला सगळे मावशी म्हणायचे, पुढं झाली आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"आजून ऊन हाय गं," ती म्हणाली, जणू भाकरीच होती.

आयनं तिच्या हातात पिंजलेल्या लोकरीचा पेळू दिला आणि सूत कातायची चाती फिरवायला सांगितली. धागा तटकन तुटला. परत दिली, परत तुटला. बाया हसायला लागल्या.

"आमचं रोप बरं बाई, तुटत तरी न्हाई," मावशी म्हणाली.

"माझ्या हातात द्या," आय म्हणाली, "तेबी तोडून दाखवते."

एक थोराड मेंढी बाला आवरेना. आबा उठले आणि तिचे मागचे पाय धरून बसले. मग पुढच्या मेंढीचेही धरले. थेंब पडायला लागले तेव्हा लोकर घोड्याच्या पाठीवर बांधली गेली होती. बानं विचारलं, मग आमचं काय? आबा हात धोतराला पुसत म्हणाले, "रोप काय म्हंतंय बघू."

वाडा गेला. पाऊस लागला, धुकं आलं, आणि माझ्या जिवाला घोर. त्या राबात उगवलं नाही तर? महिन्याभरानं उघडीप मिळाली तशी मी घोंगडी पांघरून कुरवंडं गाठलं. आबा रोपाजवळच होते. मधोमध, मेंढरं दाटीनं बसली होती तिथं, खत जास्त होऊन रोप पिवळं पडून जळालं होतं. कडेनं मात्र ते काळसर हिरवं, गुडघ्याला लागेल असं. मी कशाकडं बघू ते मला कळेना.

"मदी गेलं," आबा म्हणाले. "भावाकडनं घेईन रोप. पन कडंला असं कदी आलं नवतं." मग कडेच्या रोपावरनं हात फिरवत म्हणाले, "तुज्या बाला सांग, दिवाळीला भात काढला की खाचरं मोकळी हायती. तितं बसव म्हनावं. राबाकडं बघायचं न्हाई."

निरोप पोचवायचा कसा? वाडा माळावर आज इथं तर उद्या तिथं. दिवाळीपर्यंत मी तो मनातच ठेवला.

दिवाळीनंतर वाडा दिसल्याचं कळलं तेव्हा मला खोलीत थांबवेना. कार्ल्याच्या पुढं रस्त्याकडेला बा भेटला. तोंडावर धूळ, खांद्यावर कोकरू. मी तोंड उघडायच्या आधीच त्यानं विचारलं, "त्या आबांचं रोप उगवलं का गं?"