आगेवाल्याचा तपकिरी चष्मा

चिंधूजी थूलचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. मिलचा पहिला भोंगा पाचला वाजे, त्याआधी तो मैदानावर पोचलेला असे. हिंगणघाटच्या त्या मिलच्या मॅनेजर साहेबांना गोल्फची हौस होती. पंच्याहत्तर साली त्यांनी मिलमागच्या पडीक जमिनीत सहा भोकं पाडून घेतली. साहेब त्यांना होल म्हणत. बाकी सगळे भोकच म्हणत.

भोकांभोवती गवताऐवजी घातलेली, तेल पाजलेली रेती दाताळ्यानं सारखी करायची, दगड वेचायचे आणि उंदरांची बिळं बुजवायची, हे चिंधूजीचं सकाळचं काम. बिळांकडे दुर्लक्ष करून चालत नसे. एकदा नागपूरच्या एका पाहुण्याचा चेंडू बिळात गेला. भोक म्हणजे भोक, असा हट्ट धरून तो अर्धा तास भांडला होता.

संध्याकाळचं काम डोळ्यांचं. साहेब चेंडू मारत तेव्हा दोनशे पावलं पुढे उभं राहायचं, चेंडू कुठे पडतो ते पाहायचं आणि तिथे जाऊन थांबायचं. या माणसाला आगेवाला म्हणतात. त्याआधी चिंधूजी बारा वर्षं जिनिंगमध्ये रेच्यावर होता. त्या यंत्रावर कापसातून सरकी काढताना उडणारी धूळ त्याच्या छातीत बसली. मैदानावर आला आणि खोकला गेला. म्हणून हे काम त्याला जपायचं होतं.

अडचण सहाव्या भोकाची. तिथे साहेबांच्या पाठीवर सूर्य आणि चिंधूजीच्या डोळ्यांत सूर्य. त्यात बाजूला अण्णाजींचं कापसाचं शेत. दिवाळीनंतर पराटी, म्हणजे कापसाची झाडं, फुटली की पांढऱ्यात पांढरं शोधायचं. पन्नाशीत डोळ्यांना पाणी येऊ लागलं. एक्याऐंशी सालच्या त्या हंगामात महिनाभरात सात चेंडू हरवले. त्यातले दोन वेचलेल्या कापसाच्या गाठोड्यात निघाले. अण्णाजी ते घेऊन मिलच्या फाटकावर आले आणि साहेबांना अगदी नम्रपणे विचारलं, "ही कोणत्या वाणाची सरकी हो?"

साहेबांना ते लागलं. रविवारी नागपूरचे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर एक जरी चेंडू हरवला, तर सोमवारपासून परत रेच्यावर, असं त्यांनी चिंधूजीला सांगून टाकलं.

चिंधूजीनं चष्मा घ्यायचं ठरवलं. कोणता, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. मोतीबिंदूच्या शिबिरात हिरवा देतात, हिरवा थंड असतो, तेव्हा हिरवा. गुरुवारी त्यानं बाजारातल्या नानाजींच्या दुकानातून हिरवा आणला. वाटेत तिघांनी ऑपरेशन कधी झालं ते विचारलं. फाटकावरच्या बंडूजीनं तर घरी येऊन केळी दिली आणि जड उचलू नको म्हणून बजावलं.

डोळे थंड झाले, ही गोष्ट खरी. पण हिरव्यातून गवत हिरवं, पराटी हिरवी, कापूस हिरवा आणि चेंडूही हिरवा. त्या संध्याकाळी आणखी दोन गेले. त्याची बायको जयवंता अण्णाजींच्याच शेतात वेचणीला जाई. ती बांधावरून पाहत होती.

"पहिलेच दिसत नाई, अन् वरून पडदा लावला," ती म्हणाली.

शनिवारी दुपारची सुट्टी घेऊन चिंधूजी परत नानाजींकडे गेला. या वेळी कापसाची चार फुटलेली बोंडं आणि एक जुना चेंडू सोबत नेला. नानाजींनी विचारलं, लांबचं दिसत नाही की जवळचं?

"पांढरं दिसत नाई," चिंधूजी म्हणाला. "पांढऱ्यातलं."

नानाजींकडे याचा नंबर नव्हता. चिंधूजीनं रस्त्यापलीकडे, बैलगाड्या सुटतात तिथल्या गवतावर बोंडं मांडली, मधे चेंडू ठेवला. मग चाळीस पावलं मोजून मागे आला आणि दुकानातला एकेक चष्मा लावून पाहू लागला. काळ्यातून दिवस मावळला. निळ्यातून चेंडू आणि कापूस सख्खे भाऊ झाले. पिवळा लावेपर्यंत एका बकरीनं दोन बोंडं खाल्ली आणि चेंडू चाटून पाहिला. तिला तरी फरक कळला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी नानाजी स्वतः जाऊन बकरी हाकलत उभे राहिले.

शेवटी तपकिरी. कोऱ्या चहाच्या रंगाचा. त्यातून कापूस सायीसारखा पिवळट झाला आणि चेंडू चुन्याच्या ठिपक्यासारखा वेगळा उठून दिसला. चिंधूजीनं चेंडूची जागा तीनदा बदलायला लावली. तिन्ही वेळा बोट बरोबर.

"पण हा बायांचा हाय," नानाजींनी सांगितलं. फ्रेमचे कोपरे वर गेलेले, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. "या रंगात दुसरा नाई. लोक हसतील तुले."

"चेंडूले काय समजते?" चिंधूजी म्हणाला, आणि हिरवा परत देऊन तोच घेतला.

रविवारी पाहुणे हसले. साहेबांनी मान दुसरीकडे वळवली. चिंधूजी दोनशे पावलं पुढे जाऊन उभा राहिला. पहिल्या पाच भोकांत एकही चेंडू हरवला नाही. सहाव्याला साहेबांचा फटका वाकडा गेला आणि चेंडू सरळ अण्णाजींच्या कापसात शिरला. साहेबांचे परदेशी काळे गॉगल नुसते आभाळाकडे पाहत राहिले. चिंधूजी धावला नाही. बांधावर थांबला, कापसाच्या ओळींची अकरा तासं मोजली, आत शिरला आणि एका झाडाच्या बुडाशी बोट दाखवून उभा राहिला. चेंडू तिथेच होता.

साहेबांनी तो चष्मा मागून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. सोनेरी वेलबुट्टीत साहेब पाहून पाहुणे पुन्हा हसले, पण साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना शेतातला जुना हरवलेला चेंडूही दिसला. रेच्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. जाताना त्यांनी पैसे दिले आणि नानाजींकडून आपल्यासाठी पुरुषी फ्रेममध्ये असाच एक आणायला सांगितलं.

घरी आल्यावर चिंधूजीनं चष्मा काढून कोनाड्यात ठेवला. जयवंतानं विचारलं, सगळं चांगलं झालं, मग तोंड काऊन पाडलं?

"साहेबाले दिसू लागलं, तं आगेवाला कायले पायजे?"

नानाजींनी पंधरा दिवसांनी नागपूरहून पुरुषी फ्रेमचा तपकिरी चष्मा आणला. एकच. चिंधूजी पगाराच्या दिवशीच दुकानात गेला. साहेबांच्या पैशात त्यानं साहेबांसाठी हिरवा घेतला. थंड असतो, असं सांगून दिला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. साहेबांना तो फार मानवला. पुढची पाच वर्षं त्यांना एकही चेंडू दिसला नाही आणि चिंधूजीनं एकही हरवू दिला नाही.

तपकिरी मात्र त्यानं साहेबांच्या पैशाला हात न लावता, स्वतःच्या महिन्याच्या पगारातून विकत घेतला. वेलबुट्टीचा त्यानं स्वतःकडेच ठेवला, आणि हा नवा लावून जयवंता अण्णाजींच्या शेतात उन्हाच्या तोंडावर कापूस वेचायला जाऊ लागली, आणि तिच्या गाठोड्यात काडीकचरा येईनासा झाला.